कवीची शिफारस

गोव्यात १५६३ साली एक पुस्तक छापलं गेलं. मुद्रक जुआंव द एन्देम, छपाई पुरी झाल्याची तारीख १० एप्रिल. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती आणि तोवर त्यातून बाहेर पडली ती बहुतेक धर्मशिक्षणाची पुस्तकं. हे पुस्तक औषधांचं होतं. इथली झाडं, मुळं, मसाले, फळं, डिंक, रत्नं, आणि त्यांचा माणसाच्या शरीराशी येणारा संबंध. लेखक डॉक्टर गार्सिया द ओर्ता. शीर्षकपानावरच दोन परवानग्या नोंदवलेल्या आहेत. एक व्हाइसरॉयची. दुसरी आलेशु दियश फाल्कांव यांची, म्हणजे गोव्यात तीनच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या इन्क्विझिशनच्या, चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, न्यायाधीशाची. पुस्तक त्यांच्या नजरेखालून गेलेलं आहे, असं तिथे छापलं आहे.

पुढे पानं उलटली की कविता भेटतात. एक खुद्द डॉक्टरांनी रचलेली. दुसरी लुईश द कामोंइश नावाच्या एका शिपायाची, ज्याच्या नावावर तोवर छापील अशी एक ओळही नव्हती. शिवाय एक लॅटिन स्तुतिकाव्य. औषधांच्या पुस्तकात एवढ्या कविता कशाला, या प्रश्नापाशी मी बराच काळ घुटमळलो आहे.

यंदाच्या अंकाचा विषय 'बाहेरून आलेली माणसं' असा आहे, हे संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांची सूचनाही सोबत होती: एखाद्या स्थलांतरित डॉक्टरवर लिहा, शक्यतो कवितेचा नाद असलेला बघा. त्यांच्या डोळ्यांसमोर न्यू जर्सीतला किंवा बर्मिंगहॅममधला कुणी मराठी डॉक्टर असणार. दिवसभर रुग्ण, आणि शनिवारी महाराष्ट्र मंडळात बोरकर-कुसुमाग्रज. असे डॉक्टर आहेत आणि त्यांच्यावर लिहायलाही हवं. मी मात्र उलट्या दिशेनं आलेला एक निवडला. तो तिकडून इकडे आला, चौतीस वर्षं इथे राहिला, इथेच मेला, आणि मेल्यानंतरही त्याला इथे नीट राहू दिलं नाही.

पदराखालून प्रवास

ओर्ताचा जन्म १५००च्या आसपासचा, स्पेनच्या सरहद्दीला लागून असलेल्या कास्तेलु द व्हीद या पोर्तुगीज गावातला. आईवडील मूळचे पलीकडचे, स्पेनमधले ज्यू. १४९२मध्ये स्पेनच्या राजाराणीनं ज्यूंना देशाबाहेर काढलं तेव्हा हजारो कुटुंबं सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आली, त्यांतलं हे एक. पाच वर्षांनी पोर्तुगालच्या राजानं सगळ्या ज्यूंचा सक्तीनं बाप्तिस्मा करवला. या लोकांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत, आणि हे 'नवे'पण नातवंडापतवंडांनाही चिकटून राही. चर्चला जायचं, प्रार्थना म्हणायच्या, डुकराचं मांस खाऊन दाखवायचं. शुक्रवारी संध्याकाळी घरात स्वच्छ चादर घातली, दिवा जरा लवकर लावला, की शेजारीण त्याची नोंद ठेवणार.

मुलगा हुशार निघाला. सालामांका आणि अल्काला या स्पेनमधल्या विद्यापीठांत शिकला, १५२३मध्ये परतून गावाकडे वैद्यकी केली, मग लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. एवढं बस्तान बसलेला माणूस तिशी उलटल्यावर सहा महिन्यांच्या जीवघेण्या समुद्रप्रवासाला का निघतो? पुस्तकात तो म्हणतो, की औषधी पाहायच्या होत्या. ते खोटं नसणार. पण पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन येणार, अशी कुजबुज तेव्हा सुरू झाली होती (ते १५३६मध्ये आलंच), आणि १५३२पासून नव्या ख्रिस्त्यांना परवानगीशिवाय देश सोडायला बंदी होती. अशा माणसाला बंदर सोडायचं तर कुणातरी बड्याच्या पदराखालून जावं लागे. मार्तिम अफोंसो द सोझा हा सरदार हिंदुस्थानच्या समुद्राचा कप्तान म्हणून निघाला होता. ओर्ता त्याचा वैद्य झाला. मार्च १५३४मध्ये जहाजं लिस्बनहून सुटली, सप्टेंबरात गोव्याला लागली.

सुरुवातीची वर्षं सोझाबरोबर मोहिमांवर गेली. दीव, वसई, काठेवाडचा किनारा. पुढे तो गोव्यात स्थिरावला. घर, बाग, रुग्ण, थोडा व्यापार. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय बदलत राहिले, त्यांचा वैद्य बहुधा हाच. लिस्बनमध्ये इन्क्विझिशनच्या कोठडीत राहून सुटलेली आई आणि बहिणी १५४९मध्ये त्याच्याकडे आल्या. आज एखादा डॉक्टर ग्रीन कार्ड मिळाल्यावर आईवडिलांना बोलावून घेतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे मागे राहिलेल्यांच्या जिवावर बेतलेलं होतं.

रुआनोचे प्रश्न

पुस्तकाचं लांबलचक नाव बाजूला ठेवू. अभ्यासक त्याला 'कोलोक्युश' म्हणतात, म्हणजे संवाद. सालामांकात शिकलेला रुआनो नावाचा एक जुना ओळखीचा डॉक्टर जहाजातून उतरतो आणि थेट ओर्ताच्या घरी येतो. हा रुआनो काल्पनिक आहे. तो ग्रीक आणि अरब पंडितांची वचनं घेऊन प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तरं देतो. अकारविल्हे पन्नासहून अधिक संवाद: कोरफड, हिंग, भांग, कापूर, वेलची, लवंग, नारळ, फणस, आंबा, विड्याचं पान, हस्तिदंत, हिरा.

ही मांडणी फार चलाख आहे. रुआनोच्या रूपानं ओर्तानं आपलंच शिकलेलं डोकं समोरच्या खुर्चीत बसवलं आणि इथे राहून शहाणा झालेला ओर्ता त्याला दुरुस्त करत गेला. दोन्ही माणसं तोच. युरोपात तेव्हा गेलन आणि डायोस्कोरिडिस या प्राचीन ग्रीक वैद्यांच्या विरुद्ध बोलणं म्हणजे उद्धटपणा. ओर्ता रुआनोला स्पष्ट सांगतो, की ही नावं काढून मला घाबरवू नकोस, मी पाहिलेलं तेवढंच सांगणार. आणि मायदेशात असतो तर एवढं बोलायची माझी छाती झाली नसती, अशी कबुलीही देतो. गोव्याच्या अंतरानं त्याला जीभ दिली.

ती जीभ मोठी गप्पिष्ट आहे. हिंगाच्या प्रकरणात विजयनगरची गोष्ट येते. एका पोर्तुगिजाचा किमती घोडा पोटात वारा धरायचा, म्हणून राजा तो विकत घेईना. मालकानं कणकेतून हिंग चारून घोडा बरा केला. राजानं औषध विचारलं, यानं हिंग सांगितलं. राजा म्हणाला, मग नवल काय, तू त्याला देवांचं अन्न दिलंस. त्यावर हा आपल्या भाषेत पुटपुटला, की सैतानाचं म्हणा. ओर्ताला स्वतःला हिंगाचा वास सोसत नव्हता, पण हिंग घातलेली भाजी त्यानं चाखली आणि बरी लागली, असंही प्रांजळपणे लिहून ठेवलं. भांगेच्या प्रकरणात गुजरातचा सुलतान बहादूरशहा सोझाला सांगतो, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण हिंडून यावंसं वाटलं की मी जराशी भांग खातो. धोतऱ्याचं प्रकरण एका घरफोडीपासून सुरू होतं. एका बाईच्या मोलकरणीला कुणी धोतरा चारला, किल्ल्या काढून घेतल्या आणि दागिने पळवले. मोलकरीण काही विचारलं की नुसती हसते, आणि डॉक्टरला बोलावणं येतं.

या सगळ्या गमतींमध्ये सतरावा संवाद एकदम गंभीर होतो. गप्पा थांबवून दोघे एका रुग्णाकडे जातात. हातपाय गार, डोळे खोल, नाडी लागत नाही, पोटऱ्यांत गोळे. माणूस २४ तासांत जातो, कधी १० तासांतसुद्धा. आशियातल्या पटकीचं युरोपीय वैद्यानं केलेलं हे सर्वांत जुनं नेमकं वर्णन मानतात. इथले लोक त्याला 'मोर्शी' म्हणतात, असं तो लिहितो. म्हणजे आपली मोडशी. इथले वैद्य काय करतात, या प्रश्नावर तो सांगतो: तांदळाची पेज, तीत मिरी आणि जिरं, तळपायाला डाग, गोळे आलेल्या अवयवांना घट्ट पट्ट्या, खायला विड्याचं पान. डागणं त्यानं त्या रुग्णालाही करायला लावलं होतं. पेजेकडे मात्र माझं लक्ष अडतं. अंगातलं पाणी जाऊन मरणाऱ्या रुग्णाला तांदळाचं पाणी पाजणारे वैद्य गोव्यात होते, आणि सालामांकाचा पदवीधर ते ऐकून, हसण्यावारी न नेता, छापत होता.

त्याला ज्यांनी शिकवलं त्यांची नावं तो कधी देतो, कधी देत नाही. गोव्यातल्या मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचा उल्लेख आहे. बाकी व्यापारी, हकीम, जोगी, बाजारातले दलाल. घरात अंतोनिया नावाची एक मुलगी आहे. रुआनोनं काही पाहायला मागितलं की ओर्ता तिला हाक मारतो आणि ती फळ, मूळ, डहाळी घेऊन हजर होते. निरोप आणते, दार उघडते. बाजारात काय कुठे मिळतं, कुठल्या झाडाला कधी चीक येतो, हे तिला ठाऊक असल्याशिवाय ती ते आणणार कशी? पण पुस्तकभर तिच्या वाट्याला जेमतेम काही शब्द येतात. त्या काळच्या गोव्यात अशी घरकामाची मुलगी बहुतेक गुलामच असे आणि हे नाव बाप्तिस्म्याचं असणार. ओर्ताचं कौतुक करताना अंतोनिया विसरली जाते, आणि मला ते बरं वाटत नाही.

नगरचा मित्र

ओर्ताचा सर्वांत बडा रुग्ण गोव्याबाहेर होता. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा. घाट चढून ओर्ता त्याच्या दरबारी जात असे आणि पुस्तकात त्याला मित्र म्हणतो. दोघांनी एक करार केला होता: रोगांची आणि औषधांची अरबी नावं निजामशहा शिकवणार, लॅटिन नावं ओर्ता शिकवणार. सुलतानाला या खेळात फार रस होता. दरवर्षी काही महिने नगरला येऊन राहा, म्हणून त्यानं मोठी रक्कमही देऊ केली. ओर्तानं ती घेतली नाही.

या नगरवाऱ्यांमुळे पुस्तकात दख्खन शिरलं. बोराचं प्रकरण उघडावं, तर बोरांवरून गाडी दख्खनच्या सुलतानांच्या नावांवर आणि किताबांवर जाते, तिथून बुद्धिबळाच्या सोंगट्यांवर. कोकमही याच प्रकरणात. गोव्यात कोकमाला भिंडं म्हणतात, ओर्ताच्या कानाला ते 'ब्रिंदांव' ऐकू आलं. सालीचा आंबटपणा व्हिनेगरसाठी वापरतात, हेही त्यानं टिपलं. वसईच्या मुलखातली माणसं सांगताना शेती करणारे कुणबी, बागा राखणारे माळी, इराणातून आलेले पारशी, आणि ज्यांना गावानं दूर ठेवलं ते फरास, अशी ओळख तो करून देतो. जात हा विषय त्याला कळला किती, हा वेगळा प्रश्न. पण स्वतः शिवाशिवीच्याच एका युरोपीय अवताराखाली वाढलेल्या माणसाची नजर नेमकी तिथे थांबावी, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

मुंबईचे आंबे

एक गोष्ट मुंबईकरांना सांगितली की ते हसतात. सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेट या डॉक्टरकडे भाडेपट्ट्यानं होतं. पोर्तुगालच्या राजाला वार्षिक खंड द्यायचा आणि बेटाचं उत्पन्न घ्यायचं. ओर्ता लिहितो 'मोम्बाईं'.

आंब्याच्या संवादात मुंबईहून सिमांव तोश्कानु नावाचं त्याचं कूळ गोव्याला येतं आणि गव्हर्नरला नजराणा देण्यासाठी आंब्यांची टोपली आणतं. डॉक्टर पाहुण्याला लगेच फोडी खायला घालतो आणि सांगतो, की माझ्या त्या बेटावर एक झाड आहे, ते वर्षातून दोनदा फळतं. फोर्टातल्या जमिनीच्या भावांचा विचार करता करता हे वाचताना गंमत वाटते. त्या काळी बेटाची मातब्बरी होती ती आंब्यानारळांची.

ओर्ताचं मुंबईतलं घर नंतरच्या मुंबई किल्ल्याच्या जागी होतं, असं मानलं जातं. १८ फेब्रुवारी १६६५ला इंग्रजांच्या वतीनं हंफ्री कुकनं बेटाचा ताबा घेतला तो याच वाड्यात. तेव्हा तिथे दोना इग्नेझ द मिरांदा राहत होती. आज ती जागा नौदलाच्या 'आयएनएस आंग्रे' तळाच्या आत आहे. एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलच्या मागच्या बाजूला, शहीद भगतसिंग मार्गावर. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, हे ठाऊक असूनही फाटकावरच्या जवानाला विचारून पाहिलं. कशासाठी, म्हणाला. मी म्हटलं, एक डॉक्टर राहायचे इथे. त्यानं रांगेतल्या पुढच्या माणसाकडे पाहिलं. आत पोर्तुगीज काळातला दरवाजा उभा आहे, त्याच्या दोन बाजूंना हातात पृथ्वीचे गोल घेतलेल्या शिपायांच्या आकृत्या आहेत. ते मी छायाचित्रांतच पाहिलं.

घारापुरीही त्याच्या पुस्तकात आहे. बेटाला तो 'पोरी' म्हणतो आणि तिथलं लेणं सगळ्यांत उत्तम, असा निर्वाळा देतो. हे त्याच काळात, ज्या काळात त्याचे देशबांधव गोव्यातली देवळं पाडत होते.

साक्षीला कविता

आता त्या कवितांकडे. ओर्तानं स्वतः रचलेली कविता सुनीत आहे. त्यात तो आपल्या पुस्तकाशी बोलतो आणि त्याला मार्तिम अफोंसो द सोझाकडे पाठवतो. एकोणतीस वर्षांपूर्वी ज्याच्या पदराखालून लिस्बन सोडलं, त्याच्याच दारी आता पुस्तक. रचना बेताची आहे, असं जाणकार म्हणतात, आणि मला ते पटतं. पण साठी ओलांडलेला डॉक्टर चौदा ओळींचं बंधन घेऊन बसला, यमकं जुळवली, आणि ती वैद्यकाच्या पुस्तकाच्या तोंडाशी छापायला लाज वाटू दिली नाही, यावरून त्याचं कवितेवर किती प्रेम होतं ते दिसतं. कवितेवर प्रेम करणारे बहुतेक लोक बेताच्याच कविता लिहितात.

चांगली कविता त्यानं मित्राकडून मिळवली. कामोंइश १५५३मध्ये गोव्याला आला तो साधा शिपाई म्हणून. एक डोळा आधीच आफ्रिकेतल्या लढाईत गेलेला, लिस्बनमध्ये मारामारीपायी तुरुंग भोगलेला, पैशाचे सदाच वांधे. गोव्यातही कर्जापायी तो कैदेत पडला आणि सुटकेसाठी त्यानं व्हाइसरॉयला विनोदी पद्य लिहून पाठवलं, असं सांगतात. तो व्हाइसरॉय म्हणजे काउंट ऑफ रेदोंदु, दों फ्रान्सिश्कु कौतिन्यु. ओर्ताच्या पुस्तकातली कामोंइशची कविता त्यालाच उद्देशून आहे. ती एक शिफारस आहे. वर्षांनी आणि अनुभवानं वाकलेला एक म्हातारा, गंगेकाठच्या विद्यादेवींनी शिकवलेला, अकिलीसचा गुरू कायरन याच्यापेक्षाही औषधांत निपुण. त्याच्या पुस्तकाला आपल्या पंखाखाली घ्या, अशा अर्थाची. पोर्तुगीजमध्ये 'ओर्ता' या नावाचा कानाला बाग असाही अर्थ लागतो. कवीनं ती संधी सोडलेली नाही: पंडितांना माहीत नसलेली नवी झाडं या बागेत आहेत, असं तो म्हणतो.

औषधांच्या पुस्तकात कविता कशाला, याचं माझं उत्तर असं आहे. ओर्ताकडे पैसा होता, बेट होतं, सुलतान मित्र होता, इन्क्विझिटरचा शेरा होता. तरी त्याचं उभं राहणं सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर होतं, आणि ते त्याला जन्मापासून माहीत होतं. अशा माणसाला साक्षीदार लागतात. सरकारी कागदाला तो पुरता ओळखून होता, कागद फिरतो. म्हणून त्यानं कवितेची साक्ष काढली. आणि ज्याच्याकडून काढली तो कवी स्वतःच फाटका, जामीन राहायच्याही लायकीचा नाही. दोघांनीही एकमेकांना काहीतरी दिलं. डॉक्टरला शिफारस मिळाली. कवीला आयुष्यातली पहिली छापील कविता, तीही लिस्बनमध्ये नव्हे, मांडवीच्या काठी. 'लुझियाद' हे महाकाव्य छापून यायला आणखी नऊ वर्षं होती.

शिफारशीचा उपयोग किती झाला, ते सांगायला हवं. पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी व्हाइसरॉय वारला. छपाईत चुका इतक्या, की शुद्धिपत्र पानंच्या पानं चाललं. एक प्रत मात्र लिस्बनमध्ये क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडली. त्यानं १५६७मध्ये अँटवर्पहून तिचा लॅटिन सारांश काढला आणि तो युरोपभर गेला. पुढची तीन शतकं जगानं ओर्ता वाचला तो या सारांशातून. पण क्लूसियसला औषधं हवी होती. त्यानं संवाद मोडून सरळ नोंदी केल्या. रुआनो गेला, अंतोनिया गेली, गप्पा गेल्या, कविताही गेल्या. मूळ पोर्तुगीज पुस्तक पुन्हा छापलं गेलं ते थेट १८७२मध्ये, लिस्बनला.

व्हडलें घर

जुन्या गोव्यात सें कॅथेड्रलसमोरच्या मैदानात पर्यटक बसमधून उतरतात आणि रस्ता ओलांडून बाँ जेझू चर्चकडे वळतात. इन्क्विझिशनचा वाडा याच चौकाच्या कडेला होता. आदिलशाहीतला जुना राजवाडा त्यासाठी वापरात घेतला होता. लोक त्याला व्हडलें घर म्हणत आणि नाव काढताना आवाज उतरवत. एकोणिसाव्या शतकात ते पाडलं गेलं. आता तिथे गवत आहे. काही दाखवणारी पाटी मला दिसली नाही. शहाळंवाल्याला विचारलं तर त्यानं कॅथेड्रलची मोठी घंटा ऐकायची वेळ सांगितली.

ओर्ता १५६८मध्ये वारला. अंथरुणात, आपल्या घरी, प्रतिष्ठित माणूस म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरात बहीण कातारिनाला पकडलं. चौकशीत तिच्याकडून आणि नवऱ्याकडून जे काढून घेतलं, त्यात हेही होतं, की गार्सियासुद्धा मनानं मोशेच्या धर्माचाच होता. २५ ऑक्टोबर १५६९ला कातारिनाला गोव्यात जिवंत जाळलं. अकरा वर्षांनी, ४ डिसेंबर १५८०ला, ओर्ताची हाडं उकरून काढली, जाळली, आणि राख मांडवीत टाकली. मेलेल्या माणसावर खटला चालवून त्याला शिक्षा द्यायची पद्धत होती, तिला अनुसरून. त्याच वर्षी जूनमध्ये लिस्बनला कामोंइश वारला होता.

एवढ्या बोलक्या पुस्तकात ओर्तानं आपल्या मुळांबद्दल चकार शब्द काढलेला नाही. हे कळल्यावर ते पुस्तक पुन्हा वाचलं, तेव्हा रुआनो आणि ओर्ता यांच्या गप्पा मला वेगळ्याच वाटू लागल्या. दोन माणसांत वाटून घेऊन बोलायची सवय त्याला लहानपणापासून असणार.

फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे कामोंइशचा कांस्याचा मोठा पुतळा आहे, हातात काव्याची गुंडाळी. १९६०मध्ये, म्हणजे पोर्तुगिजांच्या अखेरच्या दिवसांत, तो बाहेर उघड्यावर उभारला होता. मुक्तीनंतर त्यावर राग निघाला, स्फोटाचा प्रयत्नही झाला, मग तो आत आणला. छपराखाली कवी जरा जास्तच उंच वाटतो. पहारेकऱ्यानं मला सांगितलं, की शाळेची मुलं याला वास्को द गामा समजतात. ओर्ताचं या मैदानाभोवती मला काही आढळलं नाही.

नोट आणि बाग

काउंट फिकाल्यो या पोर्तुगीज अभ्यासकानं १८८६मध्ये ओर्ताचं मोठं चरित्र लिहिलं, नंतर पुस्तकाची टिपांसह आवृत्ती काढली. क्लेमंट्स मार्कमचं १९१३चं इंग्रजी भाषांतर तिच्यावरूनच झालं. फिकाल्योला हाडांचं प्रकरण ठाऊक नव्हतं. ते उजेडात आणलं आउगुश्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यु या डॉक्टर इतिहासकारानं, १९३४मध्ये, इन्क्विझिशनच्या दप्तरांतून. ज्यांनी जाळलं त्यांनीच इतकं काटेकोर लिहून ठेवलं होतं, की साडेतीनशेहून अधिक वर्षांनी तारखांसकट सगळं सापडलं. त्यानंतर पोर्तुगालनं त्याला वीस इश्कुदुच्या नोटेवर घेतलं, १९७१मध्ये. मागच्या बाजूला जुन्या गोव्याच्या बाजाराचं चित्र. पुढे तो दोनशे इश्कुदुच्या नाण्यावर आला. लिस्बनच्या पलीकडे अल्मादात त्याच्या नावाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे.

पणजीत चर्चसमोरच्या चौकातली नगरपालिकेची बाग त्याच्या नावाची आहे. बागेत एक खांब आहे. त्याच्या माथ्यावर पूर्वी वास्को द गामा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. बँडस्टँड, बाकं, भोवती दुकानं. दुपारी साडेचारला तिथे निवृत्त माणसांची बैठक जमते. मी एका आजोबांशेजारी बसलो. ते मराठी वर्तमानपत्र वाचत होते. ही बाग कुणाच्या नावाची, विचारलं.

"गार्सियाची. पोर्तुगीज गव्हर्नर."

मी म्हटलं, डॉक्टर होता.

"डॉक्टर? कसलं औषध द्यायचा?"

मोडशीवर इथले वैद्य तांदळाची पेज द्यायचे, मिरी-जिरं घालून, हे त्यानं लिहून ठेवलंय, असं मी सांगितलं.

"ते आमची आज्जी द्यायची," ते म्हणाले. "मग त्यात ह्या डॉक्टरचं काय?"

त्यानं ते छापलं, आणि इथल्या वैद्यांचं म्हणूनच छापलं, मी म्हटलं. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. थोडा वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "कविता-बिविता लिहायचा म्हणे कोणीतरी, तो हाच काय?"

मी म्हटलं, लिहायचा, पण त्याचा मित्र बरा लिहायचा.

"मित्र बरा लिहिणारा असला म्हणजे झालं," असं म्हणून त्यांनी क्रीडापान काढलं आणि मला गोवा संघाचा धावफलक वाचून दाखवू लागले.